दुसरा खेळाडू

बेल दोनदा वाजवूनही दार उघडलं नाही, तेव्हा मी खिशातली किल्ली काढली. फर्स्ट शिफ्ट संपवून मी पावणेचारला घरी यायचो. त्या वेळी शैलाचा चहा गॅसवर असायचा. आत आलो तर हॉल रिकामा होता आणि बाथरूममधून बोलणं ऐकू येत होतं.

"आता नंदुरबारची मावशी. तिला मुलं किती?"

"दो…न."

"तीन. धाकट्याला विसरलीस."

दार नुसतं लोटलेलं होतं. शैला ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती. तिच्या दंडावर केतकीचं डोकं होतं, केतकीच्या अंगावर टॉवेल ओढलेला होता. बसायचं स्टूल आडवं झालं होतं.

"घाबरू नका," शैला म्हणाली. "आम्हाला लागलेलं नाही. फक्त मला उठता येत नाहीये."

"कधीपासून?"

"अडीच वाजले असतील. फोन बाहेर राहिला."

सव्वा तास ती तशी पडून होती आणि पोरगी घाबरू नये म्हणून माहेरसासरचे सगळे नातेवाईक मोजत होती. मी आधी केतकीला उचललं, मग शैलाला हात दिला. शैलाने दात आवळले, पण तोंडातून आवाज काढला नाही.

केतकी आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातापायांचे स्नायू तिच्या ताब्यात आलेच नाहीत. समजायचं सगळं. वाचायची, टीव्हीवरच्या बातम्या ऐकून मला प्रश्न विचारायची. पण एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा आणि ऐकणाऱ्यांना तेवढा धीर नसायचा. नऊ वर्षांची असताना पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती पट्ट्यांचे बूट घालून भिंतीला धरून उभी राहायची. पुढे अंग वाढलं तसं तेही सुटलं. मग सगळी उचलाउचल शैलाकडे आली. खुर्चीतून कॉटवर, कॉटवरून संडासात, तिथून बाथरूममध्ये. दिवसातून आठ-दहा वेळा. केतकीचं वजन एक्केचाळीस किलो होतं.

डॉक्टरांनी शैलाचा एमआरआय काढला. मणक्यातली गादी सरकली होती. "सहा आठवडे सक्तीची विश्रांती," ते म्हणाले. "त्यानंतरही दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही. आणि स्वतःचं वजन बघा, चौऱ्याऐंशी आहे. पोटात आणि पाठीत ताकदच उरलेली नाही."

"मुलीला कोण उचलणार?" शैलाने विचारलं.

"ते तुम्ही दोघांनी ठरवा," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता, पण त्यांच्याकडे त्या प्रश्नाचं औषध नव्हतं.

माझी मोठी बहीण मालेगावहून येऊन दीड महिना राहिली. मी साहेबांना सांगून जनरल शिफ्ट घेतली. अंबडच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, एवढं त्यांनी ऐकलं. सकाळी सात ते नऊ सिंधूताई म्हणून एक बाई मिळाल्या. त्या आणि मी मिळून केतकीला उचलायचो, मग मी बाहेर व्हायचो आणि त्या तिची आंघोळ करायच्या. नऊला मी कामावर गेलो की संध्याकाळी सहापर्यंत केतकी खुर्चीतच. मधल्या वेळेसाठी तिला डायपर बांधावं लागायचं. लहानपण सरल्यावर तिने ते कधी वापरलं नव्हतं. पहिल्या दिवशी सिंधूताई ते बांधत असताना तिने चेहरा भिंतीकडे वळवला आणि संध्याकाळी मी घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शैलाने चमचा धरून, हातापाया पडून तिला पाणी पाजलं.

सिंधूताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, दिवाळीला त्या मुलीच्या बाळंतपणाला जाणार आणि परत येतील असं नाही. 

मे महिन्यात मी शहराबाहेरच्या एका निवासी संस्थेत जाऊन आलो. जागा चांगली होती. स्वच्छ, झाडं होती, माणसं प्रेमाने बोलत होती. मी प्रवेशाचा अर्ज घेऊन आलो आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात शैलासमोर ठेवला. केतकी पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होती.

शैलाने अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"तुम्ही भरलात पण?"

"नुसतं नाव-गाव. सही दोघांची लागते."

"मी करणार नाही."

"शैला, परत पडलीस तर? मी कामावर असताना? आपण आणखी वीस वर्षांनी कुठे असू, तेव्हा तिचं काय, याचा कधी विचार केलास?"

"रोज करते," ती म्हणाली. मग ताटातली भाजी निवडायला लागली. "दिवाळीपर्यंत वेळ द्या मला. तोवर मला तिला हलवता आलं नाही, तर सही करीन."

"करणार काय तू? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"पाठीत ताकद नाही म्हणाले. ताकद आणायची."

आणायची कुठून, हा प्रश्न होता. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. केतकीला एकटं ठेवून फिरायला जाता येत नव्हतं, जिम तर लांबच. त्यावर उपाय शैलाच्या भावाकडून आला. हेमंत पुण्याला होता. त्याच्या मुलांनी खेळून खेळून टाकून दिलेला एक व्हिडिओ गेम त्याने खोक्यात भरून पाठवला. टीव्हीला जोडायचा, वर एक कॅमेरा बसवायचा आणि हातात काही न धरता समोर उभं राहायचं. पडद्यावर एक गोरी बाई व्यायाम दाखवायची. आपण तसा केला की गुण मिळायचे.

मी बत्तीस वर्षं यंत्रांबरोबर काम केलंय, पण असल्या खेळण्यावर माझा विश्वास नव्हता. तोंडावर काही बोललो नाही, एवढंच.

आमच्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टर पूर्वा भामरे घरी आल्या. त्यांनी त्या खेळातले कुठले व्यायाम करायचे आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, ते शैलाला वहीत लिहून दिलं. जाताना त्या म्हणाल्या, "आणि ताकद आली तरी हिला उचलायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, पुढे झुकवायचं, उभं करायचं, वळवायचं आणि बसवायचं. त्यासाठी हिच्या पायांनी चार-पाच सेकंद वजन घ्यायला हवं. आज ते होईल असं दिसत नाही. तुम्ही तुमची पाठ सांभाळा, पुढचं पुढे बघू."

पहिल्या दिवशी, रविवार होता म्हणून, मी घरी होतो. शैला पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गुंडाळून टीव्हीसमोर उभी राहिली. गोऱ्या बाईने गुडघे वाकवले, हिने वाकवले. तिने हात वर केले, हिने केले. चौथ्या मिनिटाला शैला सोफ्यावर बसली. पडद्यावर आकडे आले आणि त्या यंत्राने तिच्या शरीराचं वय सत्तर काढलं. शैला तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती.

"हिला कोणीतरी सांगा," ती धापा टाकत म्हणाली, "मी सकाळी उठून चाळीस पोळ्यांची कणीक मळलीय."

केतकीला हसू आवरेना. हसताना तिचे हात उडायचे. ते उडाले आणि एकदम खेळ थांबला. शैलाच्या आकृतीशेजारी पडद्यावर एक लहान आकृती उमटली, बसलेली. खाली इंग्रजीत अक्षरं आली. दुसरा खेळाडू आलाय, असं ते यंत्र म्हणत होतं.

मी केतकीची खुर्ची बाजूला ओढली. ती ओरडली. परत पुढे आणली तेव्हा शांत झाली.

"राहू दे तिला," शैला म्हणाली. "दोघींचा खेळ लावा."

त्या दिवसापासून केतकीची खुर्ची शैलाच्या मागे, जरा डावीकडे असायची. शैलाला हजारातले दोनशे-अडीचशे गुण पडायचे. दुसऱ्या खेळाडूला वीस, कधी तीस. खुर्चीत बसलेलं माणूस त्या कॅमेऱ्याला नीट कळायचं नाही.

पुढचे पाच महिने मी ते दर रविवारी पाहिलं. बाकीचे सहा दिवस मी नसताना, सकाळी अकराला. खालच्या मजल्यावरच्या देवरेवहिनींनी छत हादरतं म्हणून तक्रार केली, तर शैलाने उड्या मारायचे प्रकार बंद करून बैठका वाढवल्या. जूनमध्ये तिचा गुडघा सुजला. मला वाटलं, सुटलं. ती आठ दिवस खुर्चीवर बसून हाताचे व्यायाम करत राहिली. "केतकी बसून करते, मला काय झालं?" म्हणाली. चहातली साखर गेली, भात गेला. गणपतीत आणलेल्या पेढ्यांच्या खोक्याला तिने हात लावला नाही, आणि पेढा तिचा जीव होता. यातलं काही ती बोलून दाखवायची नाही. मला कळायचं ते ब्लाउज उसवून आत घेताना दिसली की.

एका रविवारी, नवरात्राच्या आसपास, मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. खेळ संपला. शैलाला सातशे चाळीस पडले होते. दुसऱ्या खेळाडूला तीनशे दहा.

"कॅमेरा बिघडलाय बहुतेक," मी म्हणालो.

शैला घाम पुसत होती. "पुसून घ्या जरा. धूळ बसली असेल."

मी कॅमेरा पुसला. केतकीकडे पाहिलं तर ती घामाघूम झाली होती. मी पंखा वाढवला आणि पुन्हा पेपर उचलला.

शैलाने पट्टा वापरायला सुरुवात केली ती दसऱ्यानंतर. आधी मी शेजारी उभा राहून, मग मी नुसता दारात, मग एकटीने. पूर्वाताईंनी शिकवलं होतं तसं सगळं. पुढे झुकवायचं, उभं करायचं, वळवायचं. मी पाहत होतो आणि मनातल्या मनात मान खाली घालत होतो. एक्केचाळीस किलोची पोरगी ही बाई दहा किलोची असावी तशी कॉटवर बसवत होती. डायपर बंद झालं. त्या दिवशी केतकीने जेवताना स्वतःहून दोन पेले पाणी मागितलं.

"आता संस्थेला कळवून टाका," शैला म्हणाली.

कळवायचं म्हणून मी फोन केला, तर तिथल्या आठल्येबाई म्हणाल्या, "आमचं घरी येऊन बघणं ठरलेलंच आहे. प्रवेश घ्या, नका घेऊ. मी येऊन तर जाते. काही सुचवता आलं तर सुचवीन."

दिवाळीला पाच दिवस होते. आठल्येबाई साठीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला. तीस वर्षं त्यांनी अशा मुलांमध्ये काढलेली. त्यांनी घर पाहिलं, बाथरूम पाहिलं आणि शैलाला म्हणाल्या, "तुम्ही तिला खुर्चीतून कॉटवर कसं नेता, तेवढं मला दाखवा."

शैलाने केतकीच्या कमरेला पट्टा बांधला. गुडघे वाकवले, पट्टा दोन्ही बाजूंनी धरला. "एक, दोन," म्हणाली आणि केतकी उभी झाली, वळली, कॉटवर बसली. चार सेकंद लागले असतील.

"छान," आठल्येबाई म्हणाल्या. "परत एकदा कराल?"

या वेळी त्या खाली जमिनीवर बसल्या, केतकीच्या पायांजवळ. शैलाने तिला कॉटवरून उठवलं. केतकी उभी असतानाच आठल्येबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

"थांबा. तशाच थांबा. ताई, आता पट्टा सैल सोडा."

"पडेल ती," मी म्हणालो.

"मी धरलंय. सोडा तुम्ही."

शैलाने पट्ट्यावरचे हात सैल केले. केतकी उभी होती. गुडघे थरथरत होते, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. मी मनात आकडे म्हणत होतो. सात झाले तेव्हा ती मागे कॉटवर बसली. पडली नाही, बसली.

आठल्येबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ताई, तुमची मेहनत दिसतेय, ती कमी नाही. पण तुम्ही हिला उभं करत नाही आहात. ही स्वतः उभी राहतेय. मांड्या बघा हिच्या. हे आपोआप होत नाही. कोण व्यायाम करून घेतं हिच्याकडून?"

"कोणीच नाही," शैला म्हणाली. "मला वाटलं, माझीच ताकद वाढली."

आम्ही तिघांनी केतकीकडे पाहिलं. तिला धाप लागली होती. शब्द यायला वेळ लागला.

"मी… पण… करत… होते."

"काय करत होतीस?"

"बै…ठका. आईच्या… मागे."

मग तिने दाखवलं. मी तिला खुर्चीत बसवलं. तिने दोन्ही पाय खुर्चीच्या पायपट्टीवर दाबले आणि अंग वर रेटलं. सीटपासून वीतभर वर उठली, थांबली, खाली आली. परत वर. शैला टीव्हीकडे तोंड करून रोज गुडघे वाकवत होती आणि तिच्या पाठीमागे पाच महिने हे चाललं होतं. त्या घरात एका कॅमेऱ्यालाच ते दिसलं होतं, आणि त्याने सांगितलं तेव्हा मी फडक्याने त्याची काच पुसली होती.

"अगं, सांगायचं नाहीस का?" मी म्हणालो.

"फॉर्म," केतकी म्हणाली. "ऐ…कलं… मी."

शैलाने तोंडावर हात ठेवला.

"पूर्वा…ताई… म्हणाल्या. चार… सेकंद. मग मी…" तिने श्वास घेतला. "मग मी… करायचं ठरवलं."

"बाळा, तुला धाडून द्यायचं म्हणून नाही गं," मी बोलायला लागलो. "आईची पाठ, आणि आमच्यानंतर तुला…" माझं मलाच ते ऐकवेना. "आम्हाला एकदा म्हणायचंस, मला जायचं नाही."

"विचा…रलं… नाही," केतकी म्हणाली. "कोणी."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं सांगितलं.

मी पन्नाशीचा होतो. ती जेवली का, झोपली का, दुखतं का, खुपतं का, हे सोळा वर्षांत हजारदा विचारलं असेल. तिला काय हवंय, हे आधी आपणच ठरवायचं आणि मग तिच्या अंगावर घालायचं, अशी आमची रीत होती आणि त्याला आम्ही माया म्हणत होतो. स्वयंपाकघरात तिच्याबद्दल बोलताना मध्ये भिंत होती, पण दार उघडंच होतं. ते लावावं असंही आम्हाला वाटलं नव्हतं, कारण ती ऐकत असेल हे ध्यानातच नव्हतं.

आठल्येबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "मग आता मी विचारते," त्या म्हणाल्या. "तुला काय करायचंय?"

शैला काहीतरी बोलणार होती, तिला मी हाताने थांबवलं. 

"बघा…यचंय," केतकी म्हणाली. "तिथे… काय आहे… ते."

दिवाळी झाल्यावर आम्ही तिला संस्थेत घेऊन गेलो. गाडीतून खुर्चीत ती शैलाच्या मदतीने उतरली. दिवसभर राहिली, तिथल्या मुलींबरोबर जेवली, संगणकाच्या खोलीत मोठमोठी बटणं दाबून लिहिणाऱ्या मुलींजवळ दोन तास बसली. परत येताना मी विचारलं, "कशी वाटली जागा?"

"चांगली." बऱ्याच वेळाने पुढचं आलं. "पण… मला… घरूनच… शिकायचंय. ते… बटणांचं."

अर्ज रद्द झाला. सिंधूताई बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्या नाहीत आणि त्यांच्या जागी आम्हाला कोणी शोधावं लागलं नाही. दोघींचा व्यायाम चालू राहिला. आता शैला टीव्हीकडे अर्धी पाठ करून, केतकीकडे बघत करायची. दीड वर्षात केतकी कॉटचा कठडा धरून पाऊण मिनिट उभी राहायला लागली. चालली मात्र नाही, आणि चालेल असं आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

एकोणीस वर्षांची झाल्यावर तिने कॉलेज रोडवरच्या एका संगणकाच्या क्लासमध्ये नाव घातलं. तळमजल्यावरचा क्लास तिनेच फोनवरून शोधला होता. पहिल्या दिवशी मी सुट्टी काढली. बिल्डिंगच्या वॉचमनला धरून मी तिला खुर्चीसकट दोन जिने खाली आणलं, शैला मागून पिशवी घेऊन आली. रिक्षा उभीच होती. रिक्षावाले पंचावन्न-साठीचे असतील. त्यांनी केतकीला पाहिलं, मीटर टाकायचा सोडून लगबगीने खाली उतरले आणि तिला उचलायला दोन्ही हात पुढे केले. मनाचा चांगला माणूस होता.

"दादा," मी म्हणालो, "तिला विचारा आधी."

ते गोंधळले. एकदा माझ्याकडे, एकदा शैलाकडे बघितलं. मग जरासे वाकून म्हणाले, "ताई, उचलून ठेवू का आत?"

केतकीने उत्तर जुळवलं. तेवढ्यात मागे एक स्कूटर हॉर्न देत थांबली, निघून गेली. रिक्षावाले वाकलेलेच होते.

"नको," केतकी म्हणाली. "पण… जरा… थांबा."

तिने रिक्षाचा दांडा धरला.